मुलग्यांसोबत काम करणारी संस्था: नाव, ओळख आणि ऑनलाइन वावर (सल्ला हवा आहे)

कृष्णाकाठ

नमस्कार. इथं आठ-नऊ वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

सांगली जिल्ह्यात आम्ही सात जण १४ ते २१ वयाच्या मुलग्यांसोबत काम करतो. जागा म्हणजे तालीम, कबड्डीचं मैदान, आयटीआयचं वसतिगृह. आठवड्यातून एकदा गोल करून बसायचं आणि बोलायचं. राग आला की अंगात काय होतं, पोरीनं नाही म्हटलं की काय होतं, बापाशी शेवटचं नीट बोलणं कधी झालं, आई ताटं उचलते तेव्हा आपण का बसून राहतो. चार वर्षांत नेमानं येणारी मुलं दीडशेच्या आसपास आहेत. धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी आहे, करसवलतीची १२ए आणि ८०जी आहे, कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठीचा सीएसआर-१ फॉर्म पण भरून झालाय.

आता एका कंपनीकडून दोन वर्षांचा निधी मिळेल असं दिसतंय. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, वेबसाइट कुठाय, इन्स्टाग्रामवर किती लोक आहेत, तुमचा ब्रँड काय. आमच्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. संस्थेचं नाव संस्कृत, जोडाक्षरांचं. मुलांना ते म्हणता येत नाही, त्यांच्या तोंडी आम्ही 'गप्पावाले सर'.

गेल्या वर्षी एक प्रयत्न केला होता, तो फसला. 'खरा मर्द तोच, जो...' अशी अकरा पोस्टांची मालिका केली. खरा मर्द तोच जो रडायला लाजत नाही, जो घरात भांडी घासतो, जो नकार ऐकतो. पुण्या-मुंबईच्या संस्थावाल्यांनी कौतुक केलं, शेअर केलं. आमच्या दीडशे मुलांपैकी एकानंही पुढं पाठवली नाही. शेवटी आयटीआयमधल्या एकाला विचारलं तर म्हणाला, "सर, घरचे पण म्हणतात खरा मर्द बन, तुम्ही पण म्हणताय खरा मर्द बन. नुसती यादी बदललीय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पोरगं बरोबर बोललं होतं.

तर विचारायचं असं की नाव बदलावं का, काय ठेवावं, कुठल्या माध्यमावर जावं आणि वर्षाला दोन लाख रुपये असतील तर ते कशावर घालावेत. जाणकारांनी मोकळेपणानं लिहावं.

टाकअक्षर

कृष्णाकाठ, तुमच्या त्या मुलाला माझा नमस्कार सांगा. मी पुण्यात अक्षरांकन आणि बोधचिन्हांचं काम करतो आणि तो जे बोलला ते समजायला मला बरीच वर्षं लागली.

आधी शब्दांबद्दल. 'निकोप पुरुषत्व' हा शब्द अहवालात ठीक आहे, भिंतीवर नाही. मराठीत 'पुरुषत्व' म्हटलं की एसटी स्टँडाजवळच्या दवाखान्याची पाटी आठवते. 'गमावलेलं पुरुषत्व परत मिळवा' या जाहिरातींनी तो शब्द कधीच विकत घेतलाय. 'मर्दानगी'चंही तसंच. 'मर्दानी' जरा वेगळा आहे, कोल्हापूरकडे मर्दानी खेळ म्हटलं की लाठी-पट्टा डोळ्यांपुढे येतो आणि त्यात मुलीही असतात. पण तोही शेवटी शौर्याचाच शब्द. 'पुरुषभान' मला स्वतःला आवडतो, पण तो आपल्यासारख्या वाचणाऱ्यांचा आहे.

मग 'मर्द' हाच शब्द उलटा फिरवून वापरावा का? फरहान अख्तरनं २०१३ मध्ये नेमकं तेच केलं. मेन अगेन्स्ट रेप अँड डिस्क्रिमिनेशन या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून 'मर्द'. नाव लक्षात राहिलं, कारण मागे चित्रपटसृष्टी उभी होती. तालमीतल्या सरांनी तोच शब्द वापरला तर तो आपल्या जुन्याच अर्थानं ऐकू येणार, कारण त्या जागेत त्याचा जुनाच अर्थ नांदतो.

आता २००८ ची 'बेल बजाओ' आठवा. ब्रेकथ्रू संस्थेची मोहीम, ओगिल्वी या जाहिरात कंपनीनं केलेल्या जाहिराती, सोबत बोमन इराणी. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो, क्रिकेट खेळणारी पोरं थांबतात, एक जण जाऊन बेल वाजवतो आणि चेंडू मागतो. संपलं. कोणी कुणाला चांगला पुरुष म्हणत नाही. काय करायचं एवढंच सांगितलंय, आणि ते बारा वर्षांच्या पोरालाही जमेल असं आहे. तुमच्या मालिकेत विशेषण होतं, इथं क्रियापद आहे. मला विचाराल तर नाव शोधताना एवढी एकच गोष्ट धरून ठेवा.

बोधचिन्हासाठी वळलेली मूठ, मिशी आणि निळा-गुलाबी रंग या तीन गोष्टी कोणीतरी सुचवणारच. नको म्हणा. तालमीच्या पाटीवर पेंटरनं ब्रशनं काढलेली अक्षरं असतात ना, त्या वळणात नुसतं नाव लिहून घ्या. व्हॉट्सॅपच्या गोल चौकटीत, नखाएवढ्या आकारात वाचता आलं पाहिजे. म्हणजे दोन, फार तर तीन अक्षरी शब्द.

आणि एक बारीक गोष्ट, पण माझा जीव त्यात अडकतो. वेबसाइट करणाऱ्याला पानाची भाषा 'मराठी' म्हणून नोंदवायला सांगा. नाहीतर कितीतरी फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. पोरांना कारण कळणार नाही, पण हे कुठल्यातरी सरकारी पत्रकासारखं आहे असं वाटून जातं. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, पैसे पडत नाहीत.

वांद्रे_स्लो

वरच्या क्रियापदाच्या मुद्द्याला जोड देतो.

१९९१ मध्ये सी. वाय. गोपीनाथ या पत्रकारानं इंडियन एक्स्प्रेसमध्ये छोटीशी जाहिरात दिली होती. बायको मारण्यासाठी नसते असं मानणारे पुरुष हवे आहेत, अशा आशयाची. २०५ पुरुषांनी कळवलं, आम्ही आहोत. त्यातूनच १९९३ मध्ये मुंबईत 'मावा' (मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज) ही संस्था उभी राहिली, हरीश सदानी त्यातले. पुढं १९९६ पासून त्यांचा 'पुरुष स्पंदनं' हा दिवाळी अंक निघू लागला. ना संगणक होता ना रील, चार ओळींच्या जाहिरातीवर दोनशे माणसं हाताला लागली.

मला त्यात भावतं ते 'हवे आहेत' हे दोन शब्द. तुम्ही सुधारा असं नाही, तुम्ही असाल तर या. तुमच्या वेबसाइटचं पहिलं पान असं हाक मारणारं असावं. संस्थेचा उद्देश, ध्येय, दृष्टी वगैरे खाली कुठेतरी राहू दे, कंपनीवाले शोधून वाचतील.

सावलीतली

मी काही वर्षं मुंबईत युवकांच्या प्रशिक्षणात होते. 'यारी दोस्ती' नावाची पुस्तिका वापरायचो आम्ही. तिचं मूळ ब्राझीलमधल्या प्रोमुंदोच्या कामात (१९९७ मध्ये रिओत सुरू झालेली संस्था, २०२२ पासून तिच्या अमेरिकेतल्या संस्थेचं नाव इक्विमुंदो). इथं कोरो ही संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल ही संशोधन संस्था यांनी ती मुंबईच्या वस्त्यांतल्या मुलांसोबत बसून बदलून घेतली.

कृष्णाकाठ, तुमची अडचण त्यांनाही आली होती. रिओच्या वस्त्यांतली मुलं गटात म्हणायची, मैत्रिणीवर हात उगारू नये हे सगळ्यांना माहीत असतं, पण ऐन वेळी ताबा सुटतो. निरोधचंही तेच, माहीत असतं पण ऐन वेळी राहून जातं. या 'ऐन वेळी'साठी पोर्तुगीजमध्ये त्यांचा बोलीतला शब्दप्रयोग होता, 'ओरा आगा'. तेच मोहिमेचं नाव झालं. त्याच नावाचे निरोध काढले, फलक लागले, गाणी झाली. मुलं नाव ऐकून हसायची, आणि कशाबद्दल बोलणं आहे हे त्यांना न सांगता कळायचं.

तुमच्याकडं हा 'ऐन वेळी' कसा म्हणतात? डोकं फिरलं? डोक्यात गेलं? सात जणांनी बंद खोलीत नाव ठरवू नका. मुलांच्या गोलात एक कोरा कागद ठेवा, आणि कुठला शब्द आला की बाकीचे माना डोलावतात ते बघा.

रोखठोक

स्पष्ट लिहितो. पुरुषांना सुधारण्याच्या या सगळ्या मोहिमांचा मला उबग आलाय. आत्महत्या कोण करतंय ते बघा. मुलगा असणं हाच आजार असल्यासारखं बोलायचं आणि वर त्याला ब्रँड म्हणायचं. तुमच्या पोरांनी पोस्ट पुढं पाठवल्या नाहीत याचं मला नवल वाटत नाही.

कृष्णाकाठ

रोखठोक, तुम्ही रागानं लिहिलंय, पण मुद्दा माझ्या मनातलाच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या दर दहा आत्महत्यांत सात पुरुष आहेत, आणि सगळ्यात जास्त आत्महत्या महाराष्ट्रात, २२,७४६. त्यातली दोन घरं मला नावानिशी ठाऊक आहेत. म्हणूनच हे काम सुरू केलं. पोरगा आतल्या आत कुजतो आणि बाहेर बायकोवर, बहिणीवर फुटतो, या दोन गोष्टी एकाच गाठीच्या आहेत असं मी रोज बघतो. आमच्या पोस्टांमधून हे पोचलं नाही, ती चूक आमची.

आकडेमोड

जाहिरातींचं काम करतो, ठाण्यात. रोखठोक यांनी जे लिहिलं ते बाजारातही दिसून गेलंय. जिलेटनं १९८९ पासूनची आपली ओळ बदलून जानेवारी २०१९ मध्ये पुरुषांच्या वागण्यावर जाहिरात काढली, तेव्हा यूट्यूबवर नापसंतीचे अंगठे पसंतीच्या पुढे गेले. हेतूवर मी शंका घेत नाही. पण रेझर विकणाऱ्यानं आरसा दाखवला की लोक विचारतात, तू कोण? याउलट मोव्हेंबर. २००३ मध्ये मेलबर्नमध्ये ३० जणांनी महिनाभर मिशा वाढवल्या, पुढच्या वर्षीपासून प्रोस्टेट कॅन्सरसाठी पैसे जमवू लागले आणि आज पुरुषांच्या मानसिक आरोग्यावरही त्यांचं काम चालतं. तिथंही पहिली पायरी म्हणजे करायची एक सोपी गोष्ट, मिशी.

आता दोन लाखांचं.

शोधावरच्या जाहिरातींना पैसे घालू नका. नोंदणीकृत संस्थांना गूगल महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती फुकट देतं. अर्ज करा, मंजूर व्हायला कागदपत्रं लागतात, ती तुमच्याकडं आहेतच. अटी मात्र नीट वाचा. एका शब्दावर जाहिरात लावता येत नाही, आणि दिसलेल्या दर शंभर जाहिरातींवर निदान पाच क्लिक यावे लागतात, ते सतत कमी राहिले तर खातं बंद होतं. म्हणजे 'पुरुष' किंवा 'लिंगभाव समानता' लावून काही होणार नाही. 'राग आल्यावर काय करावं', 'ब्रेकअप नंतर झोप येत नाही', 'वडील दारू पिऊन मारतात' हे लावा. आणि हेच रोमन अक्षरांत टाइप केलेल्या मराठीतही लावा, कारण मुलं तसंच शोधतात. प्रत्येक प्रश्नाला वेबसाइटवर एक पान हवं आणि त्या पानावर खरंखुरं उत्तर हवं. चाळीस पानं झाली की तुमची वेबसाइट उभी राहिली असं समजा.

इन्स्टाग्राम-फेसबुकवर पैसे देऊन १८ खालच्या मुलग्यांपर्यंत जायचं स्वप्न सोडा. फेब्रुवारी २०२३ पासून मेटावर (या दोन्हींची कंपनी) अल्पवयीनांना जाहिरात दाखवताना फक्त वय आणि ठिकाण निवडता येतं, मुलगा की मुलगी हे नाही. शिवाय आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा १८ खालच्या सगळ्यांना बालक मानतो. त्यांचा माग ठेवणं, त्यांना हेरून जाहिरात दाखवणं याला त्यात मनाई आहे. तेव्हा एजन्सी वेबसाइटवर मागोवा घेणारा कोड बसवायला निघाली तर नको म्हणा. नाव-नंबर भरायचा फॉर्मही मुलांसाठी ठेवू नका.

मग पैसे कशावर? माझं मत, आवाजावर. एक बरा माइक, एक संकलन करणारा मुलगा, जमल्यास तुमच्यातलाच, त्याला मानधन. तीन-चार मिनिटांचे आवाजी तुकडे व्हॉट्सॅप चॅनेलवर आणि यूट्यूबवर. चॅनेलवर एका अनुयायाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही, ही गावातल्या मुलासाठी फार मोठी गोष्ट आहे. गटात सामील झालेलं चुलत्याला कळतं, चॅनेल बघितलेलं कळत नाही.

आणि कंपनीला आकडे देताना लाइक देऊ नका. किती जणांनी उलट मेसेज केला, त्यातले किती प्रत्यक्ष गोलात आले, तीन महिन्यांनी किती टिकले हे द्या. आकडा लहान असेल, पण त्याच्यामागं माणूस असेल.

अबोली_वर्धा

मी महिलांच्या समुपदेशन केंद्रात काम करते. इतका वेळ वाचत होते, आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायांपैकी २५.२ टक्के बायांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. म्हणजे चार घरांतलं एक. हे लक्षात ठेवून तुमची छायाचित्रं निवडा. मुलानं पोळी लाटली की त्याचा फोटो, त्यावर टाळ्या, असं मी फार पाहिलंय. त्याची बहीण रोज वीस लाटते, तिचा फोटो कुठेच नाही. कामाची गोष्ट सांगा, पराक्रमाची नको. आणि दर महिन्याला चार-पाच बायांना, मुलांच्या आया-बहिणींना, बसवून तुमच्या पोस्ट दाखवा. त्या गप्प राहिल्या तर पोस्ट काढून टाका.

दुसरं. आकडेमोड म्हणतात तसे मेसेज येऊ लागतील. रात्री एक वाजता एखादा लिहील, मी तिला मारलं. एखादा लिहील, मला जगायचं नाही. एखादा पंधरा वर्षांचा लिहील, काका माझ्यासोबत नको ते करतात. तेव्हा फोन कोणाच्या हातात असेल? हे बोधचिन्हाच्या आधी ठरवा. आत्महत्येचं बोलणं असेल तर टेली-मानस, १४४१६, तिथं मराठीत बोलता येतं. बाईला मदत हवी असेल तर १८१, मुलांसाठी १०९८. आणि पोक्सोखालचा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) गुन्हा कळला की कलम १९ प्रमाणे तो कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, 'कोणाला सांगणार नाही' असं वचन त्या मुलाला देऊन बसू नका. चॅनेलवर स्पष्ट लिहा, उत्तर सकाळी नऊ ते रात्री नऊ मिळेल, रात्रीसाठी हे नंबर. दोन लाखांतले निदान पन्नास हजार उत्तर देणाऱ्या माणसाच्या प्रशिक्षणावर घाला.

तुमचं काम नीट चाललं तर माझ्याकडं येणाऱ्या बाया कमी होतील. म्हणून एवढं लिहिलं.

मिरज_जंक्शन

मी २२ वर्षांचा. असल्या एका गटात (कृष्णाकाठ सरांचा नाही) दोन वर्षं जात होतो. लिहू का नको असं झालेलं.

बारावीत असताना मी रात्री दोन-दोनपर्यंत रील बघायचो. आधी व्यायामाच्या. मग व्यायामवालाच सांगायला लागतो की पोरी फक्त पैसा बघतात, भावना दाखवू नको, एकटा राहा. आपण काही शोधलेलं नसतं, ते येत राहतं. आणि खरं सांगू, बरं वाटायचं. कोणीतरी माझ्याशीच बोलतंय असं वाटायचं. समुपदेशनाच्या पोस्टरनं मला कधी तसं वाटलं नव्हतं.

मी गूगलवर शोधलेलं ते एवढंच, 'ती बोलत नाही काय करू'. उत्तरात वशीकरणवाले बाबा आले होते. तिथं कोणाचं तरी नीट पान असतं तर मी वाचलं असतं. गटात मात्र गेलो ते मित्रानं नेलं म्हणून.

मी स्टेटसला काय ठेवीन ते सांगतो. ज्यात मी शहाणा किंवा सुधारलेला दिसतो ते ठेवणार नाही, पोरं मारतील. दुसऱ्याला उपयोगी पडेल असं वाटलं तर ठेवीन. म्हणजे 'तुझा मित्र गप्प झालाय का, त्याला असं विचार'. हे मी पाठवीन, कारण ते माझ्याबद्दल नाही.

सावलीतली

मिरज_जंक्शन, तुझा प्रतिसाद मी तीनदा वाचला. लिहिलंस ते फार चांगलं केलंस.

टाकअक्षर

अनुमोदन. 'ते माझ्याबद्दल नाही' ही ओळ मी टेबलावर लिहून ठेवली आहे.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत.

सावलीतली ताईंनी सांगितलं तसं केलं. तालमीत गोल करून कोरा कागद ठेवला. 'ऐन वेळी'साठी 'डोकं सटकलं', 'तार तुटली', 'डोक्यात गेलं' असे बरेच शब्द आले, पण एकावर सगळे थांबले असं झालं नाही. मग मिरज_जंक्शनचं आठवलं आणि विचारलं, मित्र गप्प झाला तर तुम्ही त्याला काय म्हणता? तीन-चार पोरं एकदमच बोलली, "बोल की!" मग हसली, मग जरा शांत झाली. काय झालंय, बोल की. आमच्याकडं हे रोज, दहादा म्हणतात. टाकअक्षर, क्रियापद आहे.

संस्थेचं नोंदणीचं नाव तसंच ठेवतोय. ते बदलायचं तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, मग पॅन, बँक, १२ए, ८०जी सगळीकडं फिरायचं, त्यात वर्ष जाईल. कागदावर ते नाव, पोरांसाठी हे. कंपनीला पटवायला दोन बैठका लागल्या. त्यांना 'मर्द' हवंच होतं. आयटीआयमधल्या पोराचं वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं, त्यावर त्यांच्यातले एक वयस्कर अधिकारी बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ठीक आहे.

अबोली ताई, आमच्यातल्या दोघांचं प्रशिक्षण पुढच्या महिन्यात ठरलंय. तोवर चॅनेल सुरू करणार नाही. आयांची पहिली बैठक झाली. एका आईनं जुन्या मालिकेतली भांड्यांची पोस्ट बघून विचारलं, "हे घासतंय खरं, पण खरकटं कुणी काढलं?" ती पोस्ट काढली.

वेबसाइटची सहा पानं लिहून झालीत. पहिलं 'ती बोलत नाही काय करू'. सगळ्यात अवघड तेच गेलं, चार वेळा लिहिलं. मिरज_जंक्शन, तुला वाचायला पाठवू का? तुला पटलं तरच टाकू.

रविवारी पहिला आवाज रेकॉर्ड करतोय. एक पैलवान मुलगा बापाबद्दल बोलणार आहे. चेहरा नको, गावाचं नाव नको, मागं तालमीतला आवाज आला तरी चालेल, एवढ्या अटी त्यानं घातल्यात. टाकअक्षर, 'बोल की'मधला ल आपल्या वळणाचाच यायला हवा. पेंटरकडून लिहून घेतलेल्या पाटीचा फोटो उद्या इथं टाकतो, बघून सांगा.